जुनं टॉप लोड वॉशिंग मशीन : पाणी नेमकं कुठून गळतंय?

चौकसबुद्धी

मशीन पूर्ण ऑटोमॅटिक, टॉप लोड, साडेसहा किलोचं, वय १२ वर्षं. आतला ड्रम स्टीलचा, बाहेरचा टब प्लास्टिकचा, तळाशी पल्सेटर (पाणी घुसळणारी चकती). धुणं, खळबळणं, पिळणं सगळं व्यवस्थित होतं. पण पूर्ण फेरी संपली की खाली साधारण अर्धा लिटर पाणी साचलेलं असतं. पाणी स्वच्छ, गंजाचा रंग नाही. आवाजही वाढलेला नाही.

दुरुस्तीवाल्याने वरूनच बघून "सील गेलं, गिअरबॉक्स बदलावा लागेल" असं सांगितलं. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सील गेलंय हे मशीन न खोलता ओळखता येतं का? गळती शोधायचा क्रम काय? आणि यातलं घरच्या घरी काय जमण्यासारखं आहे?

पाना_पकड

गळती कुठे आहे ते नंतर. ती कधी होते ते आधी बघा. मशीनमध्ये पाण्याची वाट ठरलेली असते: नळ, इनलेट पाइप, इनलेट व्हॉल्व्ह, साबणाचा कप्पा, टब, ड्रेन व्हॉल्व्ह, ड्रेन पाइप. प्रत्येक टप्प्यावर यातला ठरावीक भागच ओला असतो, त्यामुळे वेळ कळली की निम्मे संशयित आपोआप सुटतात.

मशीनखाली वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरा आणि चार पाय कुठे येतात ते पेनने खुणावून ठेवा. फेरी एका दमात पूर्ण करू नका, टप्प्याटप्प्याने थांबवा.

पाण्याची पातळी सगळ्यात वरची ठेवून फक्त भरून घ्या आणि थांबवा. भरतानाच कागद भिजला तर दोष वरच्या भागात: इनलेट पाइप, व्हॉल्व्ह, साबणाचा कप्पा. कोरडा राहिला तर नळ बंद करून, प्लग काढून मशीन तासभर तसंच भरलेलं ठेवा. यात भिजला तर टबाला तडा, ड्रेन व्हॉल्व्हच्या घराची (कवचाची) गळती, टब आणि व्हॉल्व्हमधला रबरी जोड किंवा मधलं सील, म्हणजे टबाच्या तळातून जाणाऱ्या फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी. नंतर दहा मिनिटं धुऊ द्या. उभं असताना कोरडं आणि पल्सेटर फिरताना ओलं, असं झालं तर सीलवर संशय जातो, कारण दांडा फिरायला लागला की सीलच्या झिजलेल्या ओठातून (दांड्याला टेकणाऱ्या कडेतून) पाणी सुटतं. मग पाणी सोडू द्या, पण पिळायला लागायच्या आधी थांबवा. फक्त याच वेळी भिजलं तर व्हॉल्व्हच्या पुढचा भाग बघायचा, म्हणजे ड्रेन पाइप आणि त्याचे जोड. शेवटी पिळणं.

प्रत्येक टप्प्यानंतर नवा कागद. पहिला थेंब कुठल्या पायाजवळ पडला ते लिहून ठेवा. साचलेल्या पाण्याचा आकार काहीच सांगत नाही, पाणी उताराकडे पळतं.

फेज_न्यूट्रल

कागद पसरायच्याही आधी एक गोष्ट. खाली पाणी साचलेलं असताना चालू मशीनला ओल्या हाताने किंवा अनवाणी पायाने हात लावू नका. अर्थिंग आहे की नाही ते तपासा, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. कागद बदलताना दर वेळी प्लग बाहेर.

मागचं झाकण उघडणार असाल तर मोटारीचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या दोन टोकांना काही सेकंद धरला की तो रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची सवय वाईट आहे, त्यात कपॅसिटरही जातो आणि टोकंही जळतात.

ओळंबा

मशीन समपातळीत आहे का ते बघितलंत का? पुढे झुकलेलं असेल तर साबणाच्या कप्प्यातून पाणी पुढच्या काठावरून उतरतं आणि पत्र्याच्या आतून तळापर्यंत जातं. खालून बघणाऱ्याला वाटतं टबच फुटला. कप्प्याच्या तळाशी साबणाच्या पावडरीचा दगड झाला असेल तरी हेच होतं. कप्पा काढून कोमट पाण्यात भिजत घाला आणि त्याच्या वरच्या झारीची भोकं जुन्या टूथब्रशने मोकळी करा.

आटेपाटे

+१. त्यात इनलेट पाइपचा जोडही धरा. तिथे सपाट रबरी वॉशर असतो आणि पाणी अडवतो तो वॉशर, आटे नाहीत. म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून काही उपयोग होत नाही, उलट जाडी वाढते आणि नट वॉशरवर पूर्ण बसत नाही. वॉशर कडक झाला असेल तर बदला, हाताने घट्ट करा आणि पकडीने फार तर पाव फेरा द्या. व्हॉल्व्हचे आटे प्लास्टिकचे असतात. पाइप रेंच लावून जोर केला की त्यात केसासारखी चीर पडते. ती नळ बंद असताना दिसत नाही, दाबाखालीच उघडते.

गोगलगाय

माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून नवा धागा काढत नाही. मशीनखाली तांबूस, किंचित तेलकट पाणी येतं आणि पिळताना घरघर आवाज येतो. हे सील का?

पाना_पकड

@गोगलगाय, हो, तुमच्याकडे जवळपास नक्की. सील गेल्याच्या खुणा मशीन न खोलताही दिसतात, चौकसबुद्धी यांचा पहिला प्रश्नही हाच होता.

एक, रंग. सीलच्या खाली बेअरिंग असतं. पाणी तिथून उतरलं की ग्रीस आणि गंज घेऊन येतं. दोन, आवाज. ड्रम हाताने सावकाश फिरवला तर वाळू भरल्यासारखा खरखरतो. तीन, खेळ. ड्रमची कड दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब एकत्र डोलले तर ठीक, कारण टब चार दांड्यांवर टांगलेलाच असतो. टब जागेवर आणि ड्रम एकटाच हलला तर बेअरिंग गेलं.

चौथी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. मागचं झाकण काढून पत्र्याच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. सीलमधून उतरलेलं पाणी दांड्यावरून खालच्या पुलीवर (मोटारीच्या पट्ट्याने फिरणाऱ्या चाकावर) येतं आणि पुली ते चहूबाजूंना भिरकावते. त्यामुळे पुलीच्या बरोबर उंचीवर तपकिरी ठिपक्यांचा आडवा पट्टा उठतो, ओल्या ब्रशने रंग झटकावा तसा. ठिपके मध्ये दाट, वर आणि खाली विरळ. दुसऱ्या गळतीने असा पट्टा सहसा होत नाही.

@चौकसबुद्धी, तुमचं पाणी स्वच्छ आणि आवाज नाही. गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका.

जुनंतेसोनं

सील बदलणार असाल तर नुसतं सील मिळतं. पूर्ण गिअरबॉक्स घ्यायलाच हवा असं नाही.

नटबोल्ट

मिळतं, पण कधी पुरतं आणि कधी पुरत नाही, ते सांगतो. गोगलगाय यांनी सावकाश वाचावं.

वरचं पॅनल मागचे स्क्रू काढून उचला. टबाच्या तोंडावरची प्लास्टिकची कडी खाचांतून सोडवा. पल्सेटरच्या मधलं टोपण काढा, खालचा स्क्रू काढा. पल्सेटर सहसा क्षाराने चिकटलेला असतो. त्याच्या कडेखालून मजबूत दोरीचे दोन फास समोरासमोर घालून सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटलात तर कड तुटते. आधी अर्धा तास गरम पाणी आणि व्हिनेगर ओतून ठेवलं तर काम हलकं होतं.

त्याखाली ड्रम धरणारा मोठा षटकोनी नट. बऱ्याच मशीनांत ३८ मिलिमीटरचा बॉक्स पाना लागतो, तरी आधी मोजा. नटाखालच्या वॉशरची पाकळी वाकवून नटावर बसवलेली असेल तर ती सरळ करा. काही मशीनांत आटे उलटे असतात, म्हणून बाण किंवा खूण शोधल्याशिवाय जोर लावू नका. छिन्नी लावून हातोडीने नट फिरवायचा नाही. तो धक्का दांड्यातून थेट गिअरच्या दात्यांवर जातो.

नट निघाला की ड्रम सरळ वर उचलायचा, हलवत हलवत. बाहेरच्या टबावर टेकू देऊन उचकटू नका. ड्रम निघाल्यावर मशीन आडवं करायचं असेल तर टब आणि पत्र्याच्या मध्ये जाड कापडाचे बोळे कोंबा, नाहीतर टांगणीच्या दांड्या खोबणीतून सुटतात. ड्रेन मोटार (ड्रेन व्हॉल्व्ह उघडणारी) ज्या बाजूला आहे ती बाजू वर ठेवा.

आता खालून मोटारीचा पट्टा (बेल्ट) काढा, ब्रेकच्या लिव्हरची ओढणी सोडवा आणि गिअरबॉक्सचे चार बोल्ट काढा. आधी फोटो काढून ठेवा. गिअरबॉक्स खाली निघतो आणि टबाच्या मधोमध सील मोकळं दिसतं. सीलच्या अंगावर आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. याच मापाचं सील घ्या, डोळ्याच्या अंदाजाने नको. स्प्रिंगवाला ओठ पाण्याकडे, म्हणजे वर. जुनं काढायच्या आधी ते कुठल्या बाजूने बसलंय ते बघूनच ठेवा. नवं बसवताना बाहेरच्या कडेवर सगळीकडे सारखा दाब हवा, त्यासाठी त्याच व्यासाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा वापरा. तिरकं बसलं तर पहिल्याच दिवशी गळतं.

आता खरी मेख. दांड्यावर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नखाने चाचपा. नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. लोक सील बदलतात, महिन्याने पुन्हा गळतं आणि सीलला शिव्या देतात. दोष त्या खाचेचा असतो. नुसता क्षार असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाकार घासा, उभं घासू नका, उभा ओरखडा म्हणजे पाण्याला नवी वाट. खाच हलकी असेल आणि सीलच्या घरात (बसायच्या खोबणीत) जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर वरखाली बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरतो. खाच खोल असेल तर गिअरबॉक्स बदलणं हाच मार्ग.

जुनंतेसोनं

उत्तम. बेअरिंगचं काय? ते वेगळं बदलता येतं का?

नटबोल्ट

बेअरिंग बाहेरून दिसत असेल आणि दाबून बसवलेलं असेल तर पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) निघतं. त्यावर नंबर असतो. उदाहरणार्थ ६००५ म्हणजे आतून २५, बाहेरून ४७, जाडी १२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं, २आरएस लिहिलेलं घ्या. पण अनेक गिअरबॉक्सचं कवच रिव्हेट मारून बंद केलेलं असतं. ते फोडून पुन्हा जुळवणं घरच्या हत्यारांनी धड होत नाही. तिथे पूर्ण जुळणीच घ्यावी, आणि ती घेताना सीलही नवं.

मुरलेलं_पाणी

इतका खटाटोप कशाला? वरूनच पल्सेटर काढून दांड्याभोवती सिलिकॉन सीलंट भरलं की गळती बंद होते.

नटबोल्ट

@मुरलेलं_पाणी, नाही, आणि कृपया कुणी हे करू नका. तो दांडा फिरता आहे. सीलंट स्थिर जोडासाठी असतं. फिरणाऱ्या दांड्याभोवती ते पहिल्या धुण्यातच तुटतं आणि त्याचे तुकडे ड्रेन व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. मग दुसरी गळती सुरू. शिवाय पुढच्या दुरुस्तीत नट आणि वॉशर त्याखाली गाडलेले सापडतात.

ग्रीस लावायचंच असेल तर सील बसवताना ओठावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं पेट्रोलियम ग्रीस काही प्रकारच्या रबराला फुगवतं, विशेषतः ईपीडीएमला.

मुरलेलं_पाणी

पटलं. मग टबाला तडा असेल तर इपॉक्सी पुट्टी? तो तर स्थिर आहे.

आटेपाटे

बाहेरचा टब बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो. त्यावर इपॉक्सी, सुपरग्लू, काहीच धड चिकटत नाही, कारण त्या पृष्ठभागावर गोंद पसरतच नाही. पुट्टी कोरडी होते, टणक होते, आणि टब हलायला लागला की आख्खी खपली निघून येते.

तड्याला वितळजोड चालतो. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे धावत नाही. तडा व्ही आकारात किंचित कोरून घ्या. त्याच प्लास्टिकची पट्टी हवी. त्रिकोणात ५ हा आकडा किंवा पीपी अशी खूण असलेल्या जुन्या झाकणातून कापून घेता येते. सोल्डरिंग आयर्नने टब आणि पट्टी दोन्ही एकत्र वितळवत पुढे सरका. नुसती पट्टी वितळवून वर ओतली तर ती सुटते. पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. धूर निघायला लागला म्हणजे प्लास्टिक जळतंय, तिथला जोड ठिसूळ होणार. खिडकी उघडी ठेवा.

तडा मधल्या सीलच्या घराजवळ किंवा टांगणीच्या दांड्यांच्या कानांजवळ असेल तर जोड लावू नका. तिथे पिळताना सगळा भार येतो. टबच बदला.

ओळंबा

अवांतर: हवेत दमटपणा असेल आणि नळाचं पाणी गार असेल तर टबाच्या बाहेरून घाम फुटतो आणि थेंब खाली पडतात. गळती नसतेच. टबात खाण्याच्या रंगाचे दोनचार थेंब टाकून बघावं. खालचं पाणी रंगीत आलं तर गळती, बिनरंगी आलं तर घाम.

फेज_न्यूट्रल

रंगाची युक्ती चांगली आहे. फक्त इनलेटकडची गळती रंगीत दिसणार नाही, ते पाणी टबात पोचलेलंच नसतं.

ओळंबा

बरोबर, ते राहिलं. म्हणजे बिनरंगी आलं तर इनलेटचा जोड हाताने चाचपायचा.

शेवाळ

माझा वेगळाच प्रकार आहे. मशीन बंद असतानाही टबात पाणी साचतं आणि मग ड्रेन पाइपमधून हळूहळू जात राहतं. नळ बंद केला तरच थांबतं.

फेज_न्यूट्रल

@शेवाळ, भरत असतानाच प्लग ओढून काढा. प्लग काढूनही पाणी येत राहिलं तर इनलेट व्हॉल्व्हचा यांत्रिक दोष. थांबलं तर व्हॉल्व्हला वीज मिळत राहते आहे, म्हणजे बोर्डावरचा ट्रायक किंवा रिले (व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा भाग) चिकटलाय.

बंद मशीनमध्ये येतंय म्हणजे बहुधा पहिलं. व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा असतो आणि त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून पाणी पडद्याच्या वर जातं आणि नळाचाच दाब पडद्याला खाली दाबून वाट बंद करतो. भोकात रेतीचा कण अडकला की पडदा बसत नाही. नळ बंद करा, पाइप सोडवा, तोंडाची जाळी पकडीने काढून धुवा. जाळी फाटकी असेल तर कण आत गेलेच आहेत, मग व्हॉल्व्ह बदला. मल्टीमीटरने कॉइल मोजली तर २३० व्होल्टच्या व्हॉल्व्हला सहसा ३.५ ते ५ किलोओहम येतात. पण कॉइल ठीक असणं म्हणजे पडदा ठीक असणं नव्हे.

दुसरं कारण फार लोकांच्या लक्षात येत नाही: दाब कमी असणं. व्हॉल्व्हवर बऱ्याचदा ०.०३ ते ०.८ एमपीए (मेगापास्कल, दाबाचं एकक) असं छापलेलं असतं. ०.०३ एमपीए म्हणजे साधारण ३ मीटर पाण्याची उंची. टाकी मशीनच्या वर जेमतेम मीटर-दीड मीटर असेल तर पडदा घट्ट बसायला पुरेसा दाबच नसतो आणि नवा व्हॉल्व्हही ठिबकतो. अशा ठिकाणी कमी दाबासाठीचा व्हॉल्व्ह घ्यावा, आणि धुणं झालं की नळ बंद करायची सवय ठेवावी.

शेवाळ

टाकी मशीनच्या वर दीड मीटरच आहे! जाळी दोनदा साफ करूनही फरक पडला नव्हता. आता कळलं. आभार.

पाना_पकड

सतत पाणी जात राहण्याची आणखी दोन कारणं नोंदवतो, गोंधळ होतो म्हणून.

ड्रेन व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी जमिनीवर नाही, ड्रेन पाइपमधून जातं. मशीन भरतच राहतं. व्हॉल्व्हच्या घराचं टोपण फिरवून काढा, आत स्प्रिंगवाला रबरी बेलो (घड्यांचा पोकळ रबरी भाग) असतो. त्याच्या बैठकीवर नाणं, बटण, केसांचा पिन, धाग्यांचा गुंता यातलं काहीतरी सापडतं. बेलोच्या घड्यांत चीर असेल तर मात्र पाणी टोपणातून बाहेर येतं आणि जमीन भिजते. स्प्रिंग दाबून टोपण बसवताना आटे तिरके चढू देऊ नका.

दुसरं, पातळी मोजणारी बारीक नळी. टबाच्या तळाशी हवेचा कप्पा असतो आणि तिथून नळी वर सेन्सरपर्यंत जाते. टबात ३० सेंटिमीटर पाणी असेल तर नळीत जेमतेम ३ किलोपास्कल दाब तयार होतो, इतका नाजूक हिशोब आहे. नळीला टाचणीएवढं भोक पडलं की हवा निसटते, सेन्सरला पाणी कमी वाटतं आणि टब ओव्हरफ्लोपर्यंत भरतो. उंदरांनी कुरतडलेली नळी हे याचं नेहमीचं कारण. साफ करायला फुंकर मारायची असेल तर सेन्सरकडचं टोक आधी काढा, नाहीतर सेन्सर खराब होतो.

गुंडी

सेमी ऑटोमॅटिकबद्दल कुणी लिहील का? ड्रायरच्या बाजूला खालून गळतंय.

नटबोल्ट

सेमीमध्ये ड्रायरच्या टाकीच्या तळाशी दांड्याभोवती रबराचा बेलो असतो, ड्रायर फिरताना हलतो म्हणून घड्या घातलेला. तो फाटला की पाणी थेट खालच्या स्पिन मोटारीवर पडतं. यात उशीर करू नका, मोटार जळते. मागचं झाकण काढा, मोटारीवरच्या कपलिंगचा बोल्ट सैल करा, ड्रायरचा ड्रम वर उचला, बेलो बदला. नव्या बेलोची कड खोबणीत पूर्ण गोल बसली का ते बोट फिरवून बघा. जिथे कड उचललेली राहते तिथूनच गळतं.

धुण्याच्या बाजूचं पाणी आपोआप ड्रायरमध्ये चढत असेल तर ते वेगळं: ड्रेनचा रबरी बूच बसत नाही किंवा पाइप उंच टांगलेला आहे. बूच ओढणारी पट्टी ताणलेली असता कामा नये, तिला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी.

चौकसबुद्धी

सगळ्या चाचण्या केल्या. निकाल असे.

भरताना कोरडं. तासभर भरलेलं ठेवून कोरडं. दहा मिनिटं धुऊन कोरडं. पाणी सोडताना, पिळण्याआधी, मागच्या उजव्या पायाजवळ चार-पाच थेंब. पिळायला सुरुवात झाल्या झाल्या तिथेच मोठा ओला डाग. पुलीच्या उंचीवर ठिपक्यांचा पट्टा नाही. ड्रमला एकट्याने खेळ नाही.

म्हणजे सील नाही?

पाना_पकड

सील नाही. भरलेला टब तासभर कोरडा राहिला आणि पल्सेटर फिरतानाही कोरडा, म्हणजे टब, सील आणि व्हॉल्व्हचं घर तिन्ही सुटले. पाणी व्हॉल्व्हच्या पुढे गळतंय. मागचं झाकण काढा आणि दोन जागा बघा: ओव्हरफ्लोची नळी ड्रेनला जिथे मिळते तो जोड, आणि ड्रेन पाइप पत्र्यातून बाहेर पडतो ती जागा. पन्हाळी पाइप घडीच्या तळात फुटतो, म्हणजे दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खोलगट भागात. सरळ धरला की चीर मिटलेली असते. प्रत्येक घडी वाकवून, बोटाने उघडून बघा. खालची बाजू आरशाने बघा.

चौकसबुद्धी

सापडलं. पाइप टबाकडून येऊन पत्र्याला एका पट्ट्याने बांधलेला आहे. पट्ट्याच्या अलीकडच्या दुसऱ्या घडीत, खालच्या बाजूला साधारण दोन सेंटिमीटरची चीर. सरळ असताना दिसतही नाही. पाइप टबाच्या दिशेने ओढला की माशाच्या कल्ल्यासारखी उघडते. टब हाताने डोलवून बघितला, प्रत्येक झोक्याला उघडते आणि मिटते.

आटेपाटे

मग कारणही तुमच्या हातात आहे. टब आणि पट्टा यांच्यामध्ये पाइपला ढील नाही. पिळणं सुरू होताना टब सगळ्यात जास्त डोलतो, दर वेळी तोच पाइप ताणला जातो आणि तीच घडी वाकते.

नवा पाइप त्याच आतल्या व्यासाचा घ्या, टबाकडचं तोंडही त्याच मापाचं. बांधताना टबाला हाताने चारी बाजूंना पूर्ण झोका देऊन बघा. पाइप कुठेही ताणला जाता कामा नये, पाच-सहा सेंटिमीटर ढील राहू द्या, पण मोटारीच्या पट्ट्याला किंवा पुलीला घासेल इतकी नको. टबाकडच्या जोडावरची स्प्रिंग क्लिप सैल झाली असेल तर स्क्रूची क्लिप लावा, आणि ती तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसवा, उंचवट्यावर नाही.

चिरेवर टेप गुंडाळून भागवू नका. वाकणाऱ्या जागी टेप टिकत नाही.

ओळंबा

आणि बाहेरचं टोक बघा. तुमच्या मशीनला पंप नसेल, पाणी उतारानेच जात असेल, तर पाइप जमिनीलगत हवा. उंबऱ्यावरून चढवून नेलेला असेल किंवा लांबी वाढवली असेल तर पाणी पाइपमध्ये तुंबतं आणि प्रत्येक जोडावर दाब येतो.

चौकसबुद्धी

पंप नाही. पाइप १० सेंटिमीटरच्या कट्ट्यावरून नेला होता, तो बाजूने जमिनीवरून फिरवला. नवा पाइप बसवला, ढील ठेवली, स्क्रूची क्लिप लावली. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या, कागद कोरडे. काम पाऊण तासाचं निघालं, हत्यारं फक्त स्क्रूड्रायव्हर आणि पकड.

गोगलगाय

अभिनंदन! माझ्याकडे पुलीच्या उंचीवर तपकिरी पट्टा स्पष्ट आहे आणि ड्रम एकटा हलतो. दांड्यावरची खाच बघूनच सील की गिअरबॉक्स ते ठरवेन. नटबोल्ट यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे.

नटबोल्ट

@गोगलगाय, तोवर मशीन चालवू नका. बेअरिंग आवळलं की पट्टा आणि मोटार दोन्हीवर भार येतो. पुन्हा जुळवताना पट्ट्याचा ताणही बघा: मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. जास्त ताणलात तर नवं बेअरिंगही लवकर जाईल.

पाना_पकड

@चौकसबुद्धी, कागद इतक्यात उचलू नका. नवा पाइप दोन-चार धुण्यांत जागेवर बसतो आणि क्लिप थोडी सैल पडते. चौथ्या धुण्यानंतर झाकण काढून स्क्रू अर्धा फेरा आवळा. त्यानंतरही आठवडाभर मागच्या उजव्या पायाजवळचा कागद तसाच राहू द्या. सेकंदाला एक थेंब एवढी गळती दिवसभरात चार लिटरच्या वर जाते, पण धुण्याच्या तासाभरात ती जेमतेम कपभर होते आणि फरशीवर पसरून सुकून जाते. कागदावर मात्र तिचा डाग राहतो.